एक दार, हजार पाहुणे

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी गावोगाव काय चालते, ते तुम्हांला सांगायला नको. निकालाची वेळ आधीच जाहीर झालेली असते. अलीकडच्या वर्षांत १५ लाखांच्या आसपास मुले ही परीक्षा देतात. ठरल्या मिनिटाला त्यांतली बरीचशी मुले, त्यांचे आईबाप, मामा-काका आणि शाळेतले गुरुजी मोबाइल हातात घेऊन एकाच ठिकाणी गर्दी करतात. पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते आणि थांबायचे नाव घेत नाही. पोराच्या तोंडचे पाणी पळते. कोणी म्हणते, ‘साइट बंद पडली.’ कोणी म्हणते, ‘बैठक क्रमांकच चुकला असणार.’ पण त्या चक्राच्या पलीकडे काय चालले आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याच्या जिवाची घालमेल थोडी कमी होते. म्हणून आज आपण त्या पलीकडच्या यंत्राच्या पोटात शिरून पाहू या.

पलीकडे असतो एक संगणक. कधी एक, कधी अनेक. त्याचा सगळा कारभार जी कार्यप्रणाली चालवते, तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. लष्करातले कर्नल निराळे, बरं का! बाहेरून आलेला प्रत्येक निरोप आधी या कर्नेलच्या हाती पडतो. निकाल दाखवणारा प्रोग्रॅम मागच्या खोलीत बसलेला असतो. तो कर्नेलला सांगून ठेवतो, ‘४४३ नंबरच्या दाराशी कान देऊन राहा. कोणी आले की मला कळव.’ संगणकाला अशी दारे ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांची असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३ हा क्रमांक ठरलेला आहे.

हे कान देऊन राहण्याचे काम ज्याच्याकडे असते, ते सॉकेट. सॉकेट म्हटले की आपल्याला भिंतीवरचे विजेचे सॉकेट आठवते. इथे मात्र ना तार, ना खाच. कर्नेलने आपल्या स्मृतीत उघडलेले ते एक खाते असते. कोणाशी बोलणे चालले आहे, किती आले, किती गेले, याचा हिशेब त्या खात्यात राहतो.

आता अडचण पाहा. दार एक आणि माणसे हजारो. दाराशी बसलेले सॉकेटच जर पहिल्या पाहुण्याशी गप्पा मारीत बसले, तर दुसऱ्याने कोणाला हाक मारायची?

यावरची सर्वमान्य झालेली तोड १९८३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून बाहेर पडली. तिथल्या मंडळींनी तयार केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीत नियम असा होता की, कान देणाऱ्या सॉकेटने फक्त कान द्यावा, संभाषण करू नये. जो पाहुणा येईल त्याच्यासाठी कर्नेलने नवे सॉकेट उघडावे आणि पुढचे सारे बोलणे त्यावर चालावे. आजचे लिनक्स, तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन, विंडोज, सगळीकडे याच घडणीची व्यवस्था आहे.

सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी आठवा. खिडकीतला माणूस रोग्याची नाडी पाहत नाही. तो कागद देतो आणि म्हणतो, ‘तिकडे बाकावर बसा.’ डॉक्टर एकेकाला आत बोलावतात. खिडकी मोकळी राहते, म्हणूनच रांग पुढे सरकते.

हे नवे सॉकेट केव्हा उघडतात? त्याआधी तीन निरोपांची देवघेव व्हावी लागते. तुमचा फोन म्हणतो, ‘मला बोलायचे आहे.’ पलीकडचा कर्नेल म्हणतो, ‘ऐकले. तुम्हांला माझे ऐकू आले का?’ फोन म्हणतो, ‘आले.’ लिनक्समध्ये पहिल्या निरोपाला कर्नेल पुरते खाते उघडत नाही. एक लहानशी चिठ्ठी तेवढी करून ठेवतो. तिसरा निरोप आला की मग खरे सॉकेट तयार होते आणि बाकावर, म्हणजे प्रतीक्षेच्या रांगेत, जाऊन बसते. प्रोग्रॅमने ‘पुढचा कोण?’ असे विचारले की कर्नेल रांगेतले पहिले सॉकेट त्याच्या हवाली करतो आणि त्याचा एक क्रमांक सांगतो. कान देणारे सॉकेट ३ क्रमांकाचे असेल, तर पहिल्या पाहुण्याला बहुधा ४ मिळतो, दुसऱ्याला ५. आणि ३ क्रमांकाचे सॉकेट? ते होते तिथेच, दाराशी.

एखादे गुरुजी इथे विचारतील, ‘मग प्रत्येक पाहुण्याला नवे दार द्यावे लागत असेल. ६५,००० दारे संपली की काय?’ प्रश्न मार्मिक आहे. जाणत्या माणसांचीही इथे फसगत होते. पण तसे नाही. दार सर्वांना तेच, ४४३. कर्नेल संभाषण ओळखतो ते चार गोष्टींवरून: पाहुण्याचा पत्ता, पाहुण्याचे पोर्ट, आपला पत्ता आणि आपले पोर्ट. एकाच वेळी चालू असलेल्या दोन संभाषणांत या चारही गोष्टी कधी सारख्या येत नाहीत. एका घरातली दोन भावंडे एकाच वाय-फायवरून निकाल पाहत असतील, तर बाहेर त्यांचा पत्ता एकच दिसेल. पोर्ट मात्र वेगवेगळे. म्हणून ताईचे गुण दादाच्या फोनवर जात नाहीत. खात्यांची मर्यादा पडते ती संगणकाच्या स्मृतीची आणि ताकदीची.

आता त्या फिरत्या चक्राकडे वळू. बाकावर किती जण मावावेत याला मर्यादा असते. लिनक्समध्ये या मर्यादेचा मूळ आकडा कित्येक वर्षे १२८ होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीत तो ४०९६ झाला. बाक भरला की लिनक्स सहसा ‘जागा नाही’ असे ओरडून सांगत नाही. तो आलेला निरोप मुकाट्याने सोडून देतो. त्यामागचा विचार असा की, क्षणभरात जागा होईल, पलीकडचा पुन्हा निरोप धाडील आणि आत येईल. तेव्हा हे मौन म्हणजे नकार नव्हे, बरं का. तुमचा फोनही स्वतःच पुन्हा विचारीत असतो. साधारण एका सेकंदाने विचारतो, उत्तर नाही आले तर हळूहळू अंतर वाढवीत जातो. गर्दीत धक्काबुक्की करू नये, एवढा पोच यंत्राला शिकवलेला आहे!

आपण काय करतो? चक्र दिसले की बोटाने पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ करतो. आपले आधीचे सॉकेट बाकावर बसलेले असू शकते. आपण निघून गेलो तरी त्याची जागा अडलेलीच राहते, आणि आपण नव्याने रांगेच्या शेवटी उभे! चक्र फिरण्याची कारणे आणखीही असतात. मोबाइलच्या टॉवरवर गर्दी असेल, गुणांची माहिती शोधायला वेळ लागत असेल. पण यांपैकी कुठलेही कारण बोट आपटून दूर होत नाही.

या व्यवस्थेचा गैरफायदाही घेतला गेला आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट सेवेवर कोणी तरी खोट्या पत्त्यांवरून पहिल्या निरोपांचा पाऊस पाडला. तिसरा निरोप काही येईना. उत्तराची वाट पाहणाऱ्या अर्धवट नोंदींनी जागा भरून गेली आणि खरे ग्राहक दाराबाहेर राहिले. त्याच महिन्यात डॅनियल बर्नस्टाइन आणि एरिक शेंक यांनी एक नामी युक्ती काढली. चिठ्ठी आपल्याजवळ ठेवायचीच नाही! पाहुण्याला उत्तर देताना जो ३२ बिटांचा क्रमांक पाठवायचा असतो, तो एका गुप्त किल्लीने असा बेतायचा की त्यातच ओळख यावी. खरा पाहुणा त्यात एक मिळवून तो क्रमांक परत पाठवतो. कर्नेल पुन्हा आकडेमोड करतो, जुळले की सॉकेट उघडतो. खोट्या पत्त्यावर गेलेले उत्तर परत येत नाही, आणि आपली जागाही अडत नाही. लिनक्समध्ये नोंदींची रांग ओसंडू लागली की आजही ही युक्ती आपोआप कामाला लागते.

गुरुजनहो, हे सारे वर्गात खेळून दाखवता येईल. एका मुलाला दाराशी उभे करा, पाच मुलांना बाकावर बसवा आणि एकाला मागे प्रोग्रॅम म्हणून बसवा. आधी दाराशी उभ्या असलेल्या मुलालाच सगळ्यांची उत्तरे द्यायला लावा. मग दुसऱ्या खेपेला त्याने फक्त चिठ्ठी द्यावी आणि आत पाठवावे. दोन्ही वेळा घड्याळ लावा. कर्नेल हा शब्द न उच्चारता मुलांना मुद्दा कळेल.

आणि निकालाच्या दिवशी, श्रोते हो, पोराच्या हातातला फोन हळूच काढून घ्या, घोटभर पाणी द्या आणि पाच मिनिटे थांबा. गुणपत्रिकेवरचे आकडे तोवर बदलत नाहीत. निकाल आधी पाहणाऱ्याला एक गुण जास्त मिळाला, असे आजवर घडलेले नाही.