मंद्र स्वरांची चाळण

महाशिवरात्रीच्या यात्रेचे वाद्य वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून दुरून ऐकले, की झांजांचा खणखणाट वाटेतच विरतो आणि ढोलाचा घुमारा तेवढा कानी येतो. घरी घडविलेल्या सबवूफरसाठी हेच काम एका लहानशा मंडलाकडून करवून घ्यावयाचे असते, आणि त्यास सॅलन व की यांनी १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेली रचना पुरते. टीएल०७२ या ऑपॅम्पच्या धन प्रवेशाकडे संकेत दोन समान रोधांतून न्यावा. रोधांच्या सांध्यापासून निर्गमापर्यंत १०० नॅनोफॅरडचा व धन प्रवेशापासून भूमीपर्यंत ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, आणि निर्गम ऋण प्रवेशास थेट मिळवावा. प्रत्येक रोध म्हणजे १५ किलोओमचा कायम रोध आणि त्याच्या पाठोपाठ ४७ किलोओमच्या जोड पोटेन्शिओमीटरचा एकेक भाग. त्यामुळे एकच खुंटी पिळून सीमा सुमारे १५५ पासून ३७ हर्ट्झपर्यंत उतरविता येते, व तिच्या वरचे स्वर दर सप्तकास १२ डेसिबलने क्षीण होतात. माझा कौल ८० हर्ट्झला: तेथे तरंगलांबी सव्वाचार मीटर भरत असल्याने स्वर कोठून येतो हे कानास उमगत नाही, सबब पेटी माजघराच्या कोपऱ्यात सारली तरी कोणाची हरकत नसते. खुंटी मात्र बंदिस्त जातीची घ्यावी; खाऱ्या हवेत उघडी लवकरच करकरू लागते.