झीनत, जमुना आणि पत्त्यांची गड्डी

नोव्हेंबर २०२४ मध्ये ताडोब्याची एक वाघीण ओडिशातल्या सिमिलीपालला नेली. नाव झीनत. तिच्या आधी जमुना गेली होती. नावं ठेवणाऱ्यांच्या मनात गंगा-जमनी काही असेल असं नाही, पण मला बरं वाटलं. झीनत म्हणजे शोभा.

तिकडे वाघ नव्हते का? होते, पण एकमेकांचे फार जवळचे. सिमिलीपाल वाघांच्या इतर जंगलांपासून तुटलेलं. तिथल्या काही वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात, अंग काळं दिसतं. २०२१ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी कारण दाखवलं : एका जनुकातला एक बदल. आई आणि बाप दोघांकडूनही तोच आला तर पिल्लू काळं. मूठभर वाघांत तो फिरून फिरून स्वतःलाच भेटतो.

पत्त्यांचं उदाहरण घेऊ. प्रत्येक पेशीत गुणसूत्रांची एक गड्डी आईची, एक बापाची. शुक्रपेशी किंवा अंडपेशी तयार होताना या गड्ड्या एकमेकींशी तुकडे बदलतात. शास्त्रात याला पुनर्संयोजन म्हणतात. मी पिसणं म्हणतो. चांगला गुण यामुळे वाईटाच्या संगतीतून सुटतो. पण जुळून आलेली जोडीही मोडते. मग निसर्गानं पिसणं टिकवलं का, हा उत्क्रांतीतला जुना वाद. किती पिसायचं हेही काही अंशी वारशानं येतं. प्राणी वेगवेगळ्या प्रदेशांत विभागलेले आणि मधे थोडी ये-जा असेल, तर कुठे जास्त पिसणारे तरतात, कुठे कमी, असं गणित सांगतं. त्या मातीत मुरलेला डाव परक्या पानांनी विस्कटणार असेल, तर कमी पिसलेलं बरं.

पण दोन्ही गड्ड्या सारख्याच असतील तर? पिसा हवं तितकं, पानं तीच. मामाची मुलगी करायची चाल महाराष्ट्रात आहे, आमच्यात चुलत्याचीही चालते. पण माणूस बाहेरचं स्थळ पाहू शकतो.

झीनत तर निघालीच! झारखंड, बंगाल करत भटकली. डिसेंबरअखेर बांकुड्यात बेशुद्ध करून परत आणली. अशा वाघिणीला तिथे पिल्लं झाली, तरी त्यांच्याकडे ताडोब्याची गड्डी वेगळी, सिमिलीपालची वेगळी. त्या पिल्लांच्या शुक्रपेशी-अंडपेशी तयार होताना दोन्ही एकत्र पिसल्या जातील. म्हणजे फळ दिसायचं ते नातवंडांत. आणि दोन वाघिणींनी किती पिढ्या पुरायचं?

नागपूरहून जबलपूरला जाताना मनसरच्या पुढे, पेंचच्या जंगलात, महामार्ग नऊ ठिकाणी उचललेला आहे. रस्ता रुंद करताना कोर्टकचेऱ्या झाल्या, तेव्हा हे पूल आले. खालून जाणारे वाघ भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत टिपले गेले आहेत. त्यांना इंजेक्शन लागत नाही, पिंजरा लागत नाही. रात्री वरून ट्रक जात असतात आणि खालून ते पलीकडे निघून जातात.