१२० तास आणि आपण

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आठवणींचा कार्यक्रम छान रंगला. कोण कुठल्या बाकावर बसायचं, कोणाच्या डब्यावर कोणाचा डोळा असायचा, सगळं उजळून झालं. आता जेवणाआधीची पंधरा मिनिटं संयोजकांनी मला दिली आहेत. स्वयंपाकघरातून वास यायला लागला आहे, त्यामुळे थेट विषयाला हात घालते. मला तुमच्याकडे काहीतरी मागायचं आहे. घाबरू नका, वर्गणी नाही. तुमच्या वर्षातले वीस दिवस हवे आहेत, तेही तुमच्या नेहमीच्या कामाच्या वेळेतले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आलं. आपल्या राज्यात २०२३ पासून ते पदव्युत्तर वर्गांना लागू झालं, आणि पदवीच्या वर्गांतही टप्प्याटप्प्याने येत आहे. त्या धोरणात एक गोष्ट अशी आहे, जी आपल्या वेळी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांना स्वप्नातही नव्हती. प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकायचं. कागदावर त्याला कार्यप्रशिक्षण म्हणतात, मुलं ‘ओजेटी’ म्हणतात. त्याला चार श्रेयांक आहेत, म्हणजे साधारण १२० तास. रोजचे सहा तास धरले तर वीस दिवस. आमच्या एम.कॉम.च्या मुलांना कुठे पाठवायचं, हे बघण्याचं काम माझ्याकडे आहे.

आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? खरं आहे. या सभागृहात बसलेल्या कित्येकांनी आपलं शिक्षण असंच पुरं केलं. आपल्या वर्गातले डॉक्टर इथे आहेत. एमबीबीएसची परीक्षा पास झाल्यावर वर्षभर इंटर्नशिप केल्याशिवाय त्यांना कायमची नोंदणी मिळाली नाही. त्यातले काही महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, आणि बाळंतपणाची पहिली रात्र तिथेच काढली असं तुमच्यातलेच दोघं सकाळी सांगत होते. आपले सीए मित्र तीन वर्षं आर्टिकलशिप करून आले. आता ती दोन वर्षांची झाली आहे. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, त्यात वीस आठवडे शाळेत काढावे लागतात.

आणि कृषी पदवीधर! त्यांचं तर आपल्याकडे कौतुकच वेगळं. शेवटच्या वर्षाला ही मुलं ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात येतात. गावात त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणतात, आणि वर्तमानपत्राच्या तालुका पानावर त्यांचा फोटो ठरलेला. बांधापासून आणि झाडाखालच्या जागेपासून दूर, ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन मातीचा नमुना कसा काढायचा, सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम कसं चोळायचं, हे ती शेतकऱ्याला करून दाखवतात. दाखवता दाखवता शेतकरीच त्यांना दहा गोष्टी शिकवून पाठवतो. ते पुस्तकात नसतं, पण पुढे तेच उपयोगी पडतं.

विचारही आपल्या मातीतलाच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ रुजवली, आणि त्या वाटेने शिकून मोठी झालेली माणसं आजही आपल्या आसपास आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईची मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून पाबळला आले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती करत करत शिकतात. मग इतकी वर्षं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या मुलांनी काय पाप केलं होतं? संख्येने सगळ्यात जास्त तीच, आणि हातात पदवी येईपर्यंत एकदाही कामाच्या टेबलाशी न बसलेली.

म्हणून हा नियम आला तेव्हा मला आनंद झाला. पण नियम आला म्हणजे काम झालं असं नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं.

मुलांना मी सांगितलं, आपापली जागा शोधा, अडलात तर मी आहे. ज्यांच्या वडिलांची दुकानं, ज्यांचा मामा बँकेत, ज्यांचा भाऊ पुण्यात, त्यांची सोय चार दिवसांत झाली. एक मुलगी मात्र आठवडाभर माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहायची. आईवडील दोघंही शेतमजूर. शेवटी म्हणाली, “मॅडम, आमच्या ओळखीचं ऑफिसच नाही कुठलं. मी कुणाला विचारू?” तिने मग एका शहरातल्या संस्थेला फोन केला. तिथून उत्तर आलं, तीन हजार रुपये भरा, यायची गरज नाही, प्रमाणपत्र घरी येईल. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण अशी ती एकटीच नाही. शिक्का असलेला कागद विकत मिळतो, हे आता मुलांनाही ठाऊक झालं आहे. काही ठिकाणी पैसेही लागत नाहीत, ओळखीचा माणूस पहिल्याच दिवशी वीस दिवसांच्या हजेरीवर सही करून देतो आणि वर म्हणतो, “जा, अभ्यास कर.” त्याला वाटतं, आपण पोरावर उपकार केले.

मित्रांनो, हे उपकार नाहीत. ज्याच्या घरी धंदा आहे तो पोरगा कागदाशिवायही शिकेल. ज्याच्या घरी कुणी ऑफिसचा उंबरा ओलांडलेला नाही, त्याच्यासाठी हे वीस दिवस म्हणजे आयुष्यात आत शिरायचं एकमेव दार असू शकतं. आपण कोऱ्या कागदावर सही करतो तेव्हा ते दार लावून घेतो.

त्या मुलीला मी शेवटी आमच्या गावातल्या एका कर सल्लागारांकडे पाठवलं. गृहस्थ कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एका व्यापाऱ्याचं खरेदी रजिस्टर दिलं आणि पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी ताडून बघायला सांगितलं. कोणती बिलं दुकानदाराकडे आहेत पण पोर्टलवर नाहीत, त्याची यादी. तशी बिलं निघाली. मग ते म्हणाले, “आता माल देणाऱ्याला फोन लाव आणि सांग, तुमचं बिल दिसत नाही.” अनोळखी माणसाला कामासाठी फोन करायची तिची ही पहिलीच वेळ. तिने मला नंतर सांगितलं की पहिल्या फोनला हात थरथरत होता, आणि वीस तारखेपर्यंत ३बी भरायचा असतो म्हणून दहाव्या फोनला ती समोरच्याला दटावत होती. इनपुट टॅक्स क्रेडिट हा धडा मी वर्गात दोनदा शिकवला होता. तिला तो त्या फोनवर समजला.

दुसरा एक मुलगा बाजार समितीत अडत्याच्या गाळ्यावर बसला. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याला हिशेबाची पट्टी मिळते, हे तुम्हाला सांगायला नको. दहा क्विंटल कांदा, भाव बाराशे, म्हणजे बारा हजार. त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा. २०१६ पासून फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, हेही त्याला तिथेच कळलं. बेरीज-वजाबाकी त्याला येतच होती. पण पट्टी हातात धरून, “पोरा, एवढेच कसे?” असं विचारणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला एकेक आकडा समजावून सांगणं आमच्या कुठल्याच पेपरात नाही. तो म्हणाला, “मॅडम, चुकून एक शून्य कमी पडलं तर समोरचा माणूस उपाशी जाईल, हे तिथे कळतं.”

मला वाटतं, सगळं मर्म याच्यात आहे. काम खरं असलं पाहिजे. म्हणजे कुणीतरी त्या कामाची वाट बघत असलं पाहिजे, आणि ते बिघडलं तर कुणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. आपल्या कार्यानुभवाच्या सरांना हे कुठल्याही धोरणाआधी माहीत होतं. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आपण साच्यात खडू करायचो, ते सर कपाटात मांडून ठेवत नसत. सुकले की त्याच खडूंनी गणिताच्या बाई फळ्यावर लिहायच्या. खडू कसा झाला, हे मार्कांवरून कळत नसे. ते फळ्यावर दिसायचं.

आता माझी मागणी. या सभागृहात किराणा आणि कापड दुकानं आहेत, दोन रुग्णालयं, एक औषधांचं दुकान, पतसंस्थेचे संचालक, गॅरेज, छापखाना, रोपवाटिका, वकिलांची कार्यालयं आणि दोन शाळांचे मुख्याध्यापक आहेत. प्रत्येकाने वर्षाला एक विद्यार्थी घ्यावा. घेताना चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, त्याला बसायला जागा आणि विचारायला एक माणूस द्या. मालकालाच वेळ हवा असं नाही. तुमचा जुना कारकून बहुतेक वेळा तुमच्याहून चांगला शिकवेल.

दुसरी, चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला एखाद्या वेळी पाठवलंत तर हरकत नाही, ते आपण सगळ्यांनीच केलं. पण वीस दिवस तेवढंच नको. शेवटच्या आठवड्यात एक काम पूर्ण त्याच्या नावावर सोपवा, मग ते साठ्याची मोजदाद असो, नाही तर येणी वसुलीची यादी.

तिसरी, जाण्यायेण्याचं भाडं द्या. हे प्रशिक्षण बिनपगारी असलं तरी एसटीला पैसे लागतात, आणि मजुरी बुडवून येणारी मुलंही यात आहेत. मुलींना शेवटची गाडी गाठता येईल अशा वेळी सोडा.

चौथी, प्रमाणपत्रावर खरं लिहा. आला नाही तर आला नाही असं लिहा. तुमच्या सहीला किंमत राहिली, तरच पुढच्या मुलाच्या कागदाला किंमत येईल.

काही जण विचारतील, सरकारच्या योजना आहेत ना? आहेत. २०२४ साली राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. त्यात बारावी पासला सहा हजार, आयटीआय आणि पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये महिन्याला विद्यावेतन ठरलं. त्याच वर्षी केंद्रानेही मोठ्या ५०० कंपन्यांमधल्या इंटर्नशिपची योजना जाहीर केली. त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पण या दोन्ही योजना शिक्षण आटोपलेल्यांसाठी आहेत, आणि मोठ्या कंपन्या आपल्या तालुक्यापासून लांब आहेत. शिकत असलेल्या मुलाला वीस दिवस जवळ बसवून घेणारा माणूस गावातच लागतो.

यात तुमचंही थोडं हित आहे. चांगला माणूस मिळत नाही, अशी तक्रार मी आज सकाळपासून किमान पाच जणांच्या तोंडून ऐकली. माणूस तयार मिळत नाही, तो कुठेतरी घडावा लागतो. आमच्या त्या कर सल्लागारांनी मुलीला परीक्षेनंतर कामावर ठेवलं. यंदा माझ्याकडून नवा विद्यार्थी आला तेव्हा त्याला रजिस्टर कसं ताडायचं हे तिनेच शिकवलं.

आपण शिकलो तेव्हा या शाळेने आपल्या ओळखी विचारल्या नव्हत्या. दार उघडं होतं, आपण आत आलो. गुरुजनांचं ऋण फिटत नाही असं आपण प्रत्येक मेळाव्यात म्हणतो. फिटू नयेच, पण त्यातलं थोडं पुढच्यांकडे वळतं करता येतं.

भोजनगृहाच्या दारापाशी मी एक वही ठेवली आहे. नाव, व्यवसाय आणि कोणता महिना सोयीचा, एवढे तीनच रकाने आहेत. जेवायला जाताना लिहा. जेवल्यावर झोप येते आणि मग राहून जातं.