‘नाही’ म्हणणारं फंक्शन

मागच्या भागात आपण प्रेडिकेट पाहिलं. वस्तू घ्यायची आणि खरं की खोटं, एवढंच सांगायचं. आज ते उत्तर उलटं करणारं फंक्शन ऑब्जेक्ट पाहू.

समजा, ‘पास झालाय का’ हे प्रेडिकेट तुमच्याकडे आहे आणि नापासांची यादी हवी आहे. त्यासाठी दुसरं प्रेडिकेट लिहिलं, की पासाची अट दोन ठिकाणी झाली. उद्या ३५चे ४० झाले, तर एक बदलाल आणि दुसरी विसराल. म्हणून सी प्लस प्लसच्या १९९८च्या मानकात नॉट-वन होतं. ते तुमचं प्रेडिकेट पोटात ठेवून त्याच्या उत्तरापुढे उद्गारचिन्ह लावतं. गंमत म्हणजे त्या मानकात कॉपी-इफ नव्हतंच, रिमूव्ह-कॉपी-इफ तेवढं होतं. त्यामुळे पास झालेल्यांची प्रत काढायची, तर ‘पास नसलेले वगळून प्रत काढ’ असं उलटं सांगावं लागे. कॉपी-इफ २०११ला आलं.

नॉट-वनची एक कटकट होती. आर्ग्युमेंटचा टाइप काय, हे प्रेडिकेटनं आधीच ठरलेल्या नावानं जाहीर केलेलं असायला हवं. साधं फंक्शन तसं करत नाही, लॅम्डाही नाही. मग कंपायलर पानभर एरर ओकतो. २०१७मध्ये नॉट-एफएन आलं. ते टाइप विचारतच नाही. जे आर्ग्युमेंट येईल ते जसंच्या तसं आत पाठवतं, एक असो की दोन. नॉट-वन आणि नॉट-टू २०२०च्या मानकातून काढून टाकले आहेत. जुन्या कोडमध्ये दिसले, तर बदलून घ्या.

आता माझी फजिती. एका निकालाच्या प्रोग्रॅममध्ये मला गुण उतरत्या क्रमानं लावायचे होते. ‘लहान आहे का’ याच्या उलट ‘मोठं आहे’, असं समजून मी सॉर्टला नॉट-एफएनमध्ये गुंडाळलेलं लेस दिलं. दहा नावांवर चाचणी केली, झकास चाललं. खऱ्या यादीवर प्रोग्रॅम कोसळला.

चूक शाळेतल्या गणिताची. ‘लहान नाही’ म्हणजे ‘मोठं किंवा समान’. सॉर्टला मात्र असा तुलनाकार लागतो, जो समान जोडीला ‘नाही’च म्हणेल. यादीत गैरहजर मुलांचे बरेच शून्य गुण होते. समजा, तुलनेसाठी निवडलेला मधला घटक शून्यच निघाला. सॉर्ट पुढे सरकत राहतं, शून्यापेक्षा कमी काही सापडेपर्यंत. तसं काही नसतंच, आणि आपण यादीच्या टोकाबाहेर! चाचणीत हे का दिसलं नाही? जीसीसीच्या लायब्ररीत १६पर्यंतच्या यादीला विभागणी होतच नाही, सरळ इन्सर्शन सॉर्ट चालतं. माझी दहा नावं त्यात सुखरूप बसली.

दुरुस्ती एका शब्दाची होती: ग्रेटर. तुलनाकार तुमचा स्वतःचा असेल, तर उत्तर उलटवू नका, दोन आर्ग्युमेंटची अदलाबदल करा. अ आणि ब ऐवजी ब आणि अ. मग समान जोडीला उत्तर ‘नाही’च राहतं.