कातडीच्या पेशीतील गाठी



आपण बसलो आहोत तो मांडव बांबूंवर उभा आहे असे आपण म्हणतो. मांडव घालणाऱ्याला विचारा. तो सांगेल, मांडव काथ्याच्या गाठींवर उभा आहे. बांबू कितीही जाड असले आणि गाठी सैल राहिल्या, तर पहिल्या वाऱ्याला सगळे खाली येते.

कातडीची पेशी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी नव्हे. तिच्या आत तीन जातींचे धागे असतात. ॲक्टिनचा धागा सुमारे ७ नॅनोमीटर जाड, केराटिनचा १०, आणि सूक्ष्मनलिका २५. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग.) ॲक्टिनमुळे पेशी सरकते, नलिकांवरून मालाची ने-आण होते, ओढाताण सोसण्याचे काम मुख्यतः केराटिनचे.

या धाग्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे प्लेक्टिन. १९८० साली व्हिएन्नाच्या पिटेला व विशे यांनी त्याचे वर्णन केले. हे प्रथिन चांगलेच लांबलचक आहे, साडेचार हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे. त्याचे एक टोक ॲक्टिनला धरते, दुसरे केराटिनला. १९९६ साली स्वितकिना, वेर्खोव्स्की व बोरिसी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही बांधणी दाखवली. त्या पेशी कातडीच्या वरच्या थरातल्या नव्हत्या, पण गाठ तीच. शिवाय कातडीच्या तळच्या पेशी ज्या बटनांनी खालच्या पडद्याला जोडलेल्या असतात, त्या बटनांतही प्लेक्टिन केराटिनला अडकवून ठेवते.

गाठ सुटली तर काय होते, हेही १९९६ मध्येच कळले. प्लेक्टिनच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना जन्मापासून जराशा घासण्याने फोड येतात आणि पुढे स्नायू दुबळे होतात. कारण हेच प्रथिन स्नायूंतही बांधणी करते. खुद्द केराटिनच बिघडले तरी फोड येतात, ते १९९१ पासून माहीत आहे. पण तेव्हा स्नायू शाबूत राहतात. बांबू मोडणे वेगळे, गाठ सुटणे वेगळे!

बाळाला सारखे फोड येऊ लागले की कोणी नजर लागली म्हणते, कोणी आईच्या खाण्यावर बोट ठेवते. आईच्या खाण्याचा येथे काही संबंध नाही. प्लेक्टिनच्या या रोगात सदोष जनुक सहसा आई आणि बाप दोघांकडून यावे लागते. दोघेही स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका असतो. चुलत-मामे भावंडांत लग्न झाले असेल, तर एकाच आजा-आजीकडून आलेला दोष दोघांत असण्याचा संभव वाढतो. रोग लागट नाही. असे मूल त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, आणि तोपर्यंत फोडावर चिकटपट्टी लावू नये. ती काढताना पट्टीबरोबर कातडीही निघून येते.