भाग सतरा : बारा तास, सहा वार

आजचा विषय अनेकांनी मेसेज करून मागितला होता, पण खरं सांगायचं तर तो माझ्याच घरचा आहे.

मी चित्रकला शिकवते. अर्धवेळ. सहावी ते आठवीच्या सहा तुकड्या, प्रत्येकीला आठवड्याला दोन तास. म्हणजे बारा तास, पस्तीस मिनिटांचे. गुणाकार करा, बरोबर सात घड्याळी तास होतात. पगार त्या बारा तासिकांचाच. आणि हे बारा तास सोमवार ते शनिवार रोज दोन असे वाटलेले. सोमवारी पहिला आणि सहावा. मध्ये मी स्टाफरूममध्ये, दुसऱ्यांचा चहा मोजत.

मी बदलापूरहून ठाण्याला येते. दारापासून दारापर्यंत सव्वा तास. जाऊन-येऊन अडीच, सहा दिवसांचे पंधरा. शाळेत रोज तीनेक तास, म्हणजे अठरा. सात तासांच्या पगारासाठी तेहतीस तास! शिवाय रिकामी दिसले की बदली तास माझ्या गळ्यात. त्याचे पैसे नाहीत, बरं का.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्यात शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरलेत, तेही तयारीच्या वेळेसकट. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ निदेशक सांगितलेत. पूर्णवेळवाल्याची तयारी मोजली जाते. माझ्यासारखीची मोजली जाते फक्त घंटा ते घंटा.

वेळापत्रक करणारे सर वाईट नाहीत हो. आधी वर्गशिक्षकांचे पहिले तास, मग प्रयोगशाळा, मग मैदान. उरलेल्या खाचांत आम्ही. "मॅडम, तुमच्यामुळेच माझं वेळापत्रक मिटतं," असं ते कौतुकानं म्हणाले होते!

मी दोन वर्षं "मला त्रास होतो" असं सांगत राहिले. कोणाला त्रास होत नाही? मग गेल्या जूनमध्ये मुलांची बाजू मांडली. पस्तीस मिनिटांत पाणी आणणं, वाट्या, कागद वाटणं यात दहा गेली, आवरण्यात सात. रंग लावायला उरली अठरा. आठवीतली मुलं एलिमेंटरीला बसतात, तिथे एकेक पेपर दोन तास किंवा त्याहून जास्त चालतो. आमची मुलं सलग तासभरही बसलेली नसतात. जोडतास द्या, म्हटलं. कोरा तक्ता घेऊन गेले होते, कोणाचा तास कुठे सरकेल ते पेन्सिलीनं भरून. माझ्या मते काम त्या तक्त्यानं केलं, युक्तिवादानं नाही.

सातवी-आठवीच्या चार तुकड्यांना जोडतास मिळाले. सहावीचे सुटेच राहिले, गणिताचे तास हलेनात. पण चार वार झाले, रोज तीन तास. बुधवार आणि शनिवार मोकळा. प्रवासाचे पाच तास वाचले, आणि बुधवारी घरी मुलांचा क्लास सुरू केला.

नवीन लागणाऱ्यांनो, तास किती हे विचारताच तुम्ही. वार किती, तेही विचारा, आणि रुजू व्हायच्या आधी विचारा. नंतर फार अवघडल्यासारखं होतं.

आणि हो, पहिल्याच बुधवारी सकाळी सातला फोन. "मॅडम, एक बदली तास होता..." मी म्हटलं, "सर, आज माझा वार नाही." पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, "हां हां, विसरलोच." फोन ठेवला आणि दहा मिनिटं मी नुसती धडधडत बसले होते.

चला, भेटू पुढच्या भागात.