बनगरवाडीची गोधडी



आवडत्या कादंबरीवर कुणी नाटक बसवतं, कुणी सिनेमा काढतं. मी गोधडी शिवली. कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', धनगरांच्या एका वाडीची. 1955 साली ती पुस्तकरूपानं आली, 1995 साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. खुद्द माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रमांचं काम वर्षानुवर्षं केलं, तेव्हा रेडिओवर त्यांच्याविषयी बोलणं म्हणजे घरचंच कार्य.

बेत ऐकल्यावर जो तो एकच सुचवी: पांढऱ्या कापडाची मेंढरं काप, काठी घेतलेला धनगर लाव, मागं माळ. म्हणजे शाळेतला तक्ताच की! मी एकच नियम धरला. वाडीतली माणसं जे नेसत-पांघरत असतील, तसलं कापड घ्यायचं. चित्र काढायचं नाही.

धनगरांची वाडी म्हटल्यावर घोंगडं आलंच. जुनं, कसरीनं खाल्लेलं एक घरात होतं, ते गोधडीच्या पोटात घालायचं ठरवलं. घोंगडं विणून झालं की त्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यानं ते ताठ राहतं, आणि सुई शिरता शिरत नाही. म्हणून आधी भरपूर पाण्यात भिजवून खळ काढली आणि सावलीत वाळवलं. हा उद्योग टाळला, तर पहिल्याच धुण्यात आतली लोकर आटते, वरचं जुनं लुगडं आहे तेवढंच राहतं आणि गोधडीभर फुगे येतात. खाली-वर लुगडी मात्र धुऊन धुऊन मऊ पडलेलीच घ्यावीत. नव्या कापडाची गोधडी अंगाला लागत नाही.

आता ठिगळं. वाडीच्या कारभाऱ्याला विटक्या पटक्याचा तुकडा. वाडीच्या शाळेवर आलेल्या मास्तराला मांजरपाट, त्या कोवळ्या पोराला याहून भारी काही शोभलं नसतं. वाडीतल्या तालमीसाठी लंगोटाचं तांबडं कापड. कारभाऱ्याच्या लेकीला, अंजीला, चोळीचा खण द्यायचा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. मास्तर तिला चोळी शिवून आणून देतो आणि कारभाऱ्याचं डोकं फिरतं, हे ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. तो खण मी मुद्दाम कारभाऱ्याच्या पटक्याला खेटून लावला. राहू देत बापलेक शेजारी.

अडले ते वाडीतल्या शेकूपाशी. एकच बैल, म्हणून त्याची बायको दुसऱ्या बाजूनं जू खांद्यावर घेते. याला कापड कुठलं लावणार? शेवटी ठिगळ लावलंच नाही. तेवढ्या पट्ट्यात धावदोऱ्याच्या दोन ओळी शेजारी-शेजारी घातल्या: एक जाड दोऱ्याची, एक बारीक. बारीक दोरा दोनदा तुटला. तिथल्या गाठी वरच्या अंगाला ठेवल्या. माझ्या मते सबंध गोधडीत जमलेली जागा हीच.

धावदोरा कडेनं सुरू होतो, फिरत फिरत मध्यावर येऊन थांबतो. कादंबरी मात्र दुष्काळाकडं जाते, माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात. म्हणून उशाकडं ठिगळं दाट लावली, पायाकडं विरळ करत नेली, आणि शेवटी हातभर नुसतं विटकं लुगडं सोडलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "चिंध्या संपल्या काय गं?" म्हटलं, "नाही हो काकू, पाऊस संपला." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

गोधडी वजनाला बरीच झाली. पुण्याच्या थंडीला थोडी जास्तच. भिंतीवर टांगायचा आग्रह घरच्यांनी करून पाहिला. मी ती पांघरायलाच काढली आहे. आता माडगूळकरांचंच 'माणदेशी माणसं' घ्यायचं मनात आहे. ती सुटी सुटी व्यक्तिचित्रं आहेत, एकमेकांना जोडून चालायची नाहीत. तेव्हा एकेका माणसाची वेगळी दुपटी करावीत म्हणते. जुनी लुगडी तेवढी जमवायला हवीत.